मराठी शाळेतील अंकगणित : उजळणी, औटकी आणि संख्यानामांचा वाद

लहान मुलांस कोणते गणित शिकवावे आणि ते किती कठीण असावे, ह्या प्रश्नाचा विचार बहुधा शिक्षणशास्त्राच्या कक्षेत होतो. भाषाभ्यासकाचे त्यात काही काम आहे असे सहसा मानले जात नाही. तथापि महाराष्ट्रातील प्राथमिक गणिताच्या इतिहासात वारंवार असे आढळते की, ज्यास गणिताची काठिण्यपातळी म्हणून संबोधिले गेले तिचा मोठा भाग प्रत्यक्षात शब्दांच्या काठिण्याचा होता. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून जो वाद उद्भवला, त्याने ही गोष्ट प्रकर्षाने पुढे आणिली. त्या पुस्तकात एकवीसपासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांची नावे 'वीस एक', 'साठ तीन' अशा सुट्या रूपांत मांडली होती; परंपरागत नावेही सोबत होती. वर्तमानपत्रांतून आणि विधिमंडळात त्यावर पुष्कळ टीका व थट्टाही झाली, आणि अखेर मुख्यमंत्र्यांना फेरविचारासाठी समिती नेमण्याचे जाहीर करावे लागले. एका बाजूचे म्हणणे असे की, ह्याने मुलांवरचे निरर्थक ओझे कमी होते. दुसऱ्या बाजूचे असे की, मुलांना कष्टच नकोत असे ठरवून भाषा मोडली जात आहे. 'कठीण' ह्या शब्दाचा अर्थ मात्र दोन्ही पक्षांनी गृहीतच धरिला होता. तो अर्थ मराठी शाळेत कसकसा बदलत आला हे पाहण्यासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते.

पेशवाईच्या अखेरीस व कंपनी सरकारच्या आरंभी पंतोजीच्या शाळेत जे शिकविले जाई त्यात गणिताचा वाटा मोठा होता. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, बाराखड्या, मोडी वाचन-लेखन, आणि त्याबरोबर पाढे व तोंडी हिशेब असा तो अभ्यासक्रम असे. पुस्तके जवळजवळ नव्हतीच. मुले सायंकाळी मोठ्याने पाढे म्हणत. ह्या सामुदायिक पठणास 'उजळणी' हे नाव पडले. घासून पुन्हा चकचकीत करणे हा 'उजळणे' ह्या क्रियापदाचा अर्थ पाहता, ज्ञान म्हणजे रोज घासावयाचे भांडे अशी त्या शाळेची कल्पना असावी असे म्हणावयास हरकत नाही. 'पाढा' हा शब्दही 'पठ्' धातूच्याच कुळातला आहे.

बे ते तीस ह्या पूर्णांकी पाढ्यांच्या पलीकडे अपूर्णांकी पाढ्यांची एक स्वतंत्र मालिका होती : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, अर्थात पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन ह्यांचे पाढे. पाचाची पाऊणकी पावणेचार, साताची सव्वापाच, तेराची औटकी साडेपंचेचाळीस, हे मुलास क्षणात सांगता यावे अशी अपेक्षा असे. आजच्या दृष्टीने सात-आठ वर्षांच्या मुलासाठी हा अभ्यासक्रम अत्यंत कठीण होय. परंतु त्याची निवड कोणा शिक्षणतज्ज्ञाने केलेली नव्हती. ती बाजाराने केली होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. वजनाच्या मणाचे चाळीस शेर. धान्याच्या मापात पायलीचे चार शेर आणि शेराखाली मापटे, चिपटे, कोळवे, निळवे अशी निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारी मापे. दोनाने व चाराने भागत जाणाऱ्या ह्या जगात पाव, अर्धा व पाऊण ह्या राशी अपवाद नव्हत्या, नित्याच्या होत्या. शेरास साडेतीन आणे भाव असता तेरा शेरांचे किती, ह्या प्रश्नास औटकी येणारा मुलगा साडेपंचेचाळीस आणे म्हणून मोकळा होई. त्यातून बत्तीस आणे वजा करून दोन रुपये साडेतेरा आणे हे उत्तर त्याला कागदावाचून मिळे. मोडी हिशेबांतही पाव, अर्धा व पाऊण ह्यांचे लेखन एक, दोन व तीन उभ्या रेघांनी होत असे. अंश आणि छेद ह्यांची मांडणी तेथे लागतच नव्हती.

मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट ह्यांनी १८२१ मध्ये असे लिहून ठेविले आहे की, ह्या प्रांतात शाळा नसलेले गाव क्वचितच असेल आणि येथील शेतकरी व किरकोळ व्यापारी आपला हिशेब इंग्लंडातील खालच्या वर्गांपेक्षाही अचूक ठेवितात. ह्या विधानाचा पूर्वार्ध अतिशयोक्त ठरतो. १८२९ च्या सुमारास सरकारने गोळा केलेल्या माहितीत सगळ्या इलाख्यातल्या शाळांची संख्या सतराशेच्या आसपास भरली, आणि पुढे रा. वि. परुळेकर ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांवरून त्या शाळांत कोण बसत होते हेही कळते : मुख्यत्वे ब्राह्मण, प्रभू, वाणी आणि इतर लेखनजीवी व व्यापारी जातींचे मुलगे. मुली जवळजवळ नाहीत. अस्पृश्य गणलेल्यांची मुले नाहीत. विधानाच्या उत्तरार्धात मात्र तथ्य दिसते. हिशेबाचे ज्ञान शाळेबाहेरही, घरात व दुकानात, तोंडातोंडी चालत होते. मात्र ते जेथे पोहोचत नव्हते तेथील माणूस सावकाराच्या वहीपुढे निरुपाय होता, हेही तितकेच खरे.

१८२२ मध्ये मुंबईत स्वतंत्र झालेली आणि १८२७ पासून 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' ह्या नावाने ओळखली गेलेली संस्था ह्या परंपरेकडे वेगळ्या नजरेने पाहत होती. पुस्तकांचा अभाव आणि सदोष अध्यापनपद्धती हे देशी शाळांचे दोन मोठे दोष तिच्या आरंभीच्या अहवालातच सांगितले आहेत. संस्थेचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्विस हे इंजिनिअर होते, आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृतींच्या साहाय्याने त्यांनी चार्ल्स हटन ह्याच्या गणितग्रंथाचे मराठी अवतरण सिद्ध केले. हटनचा मूळ ग्रंथ वुलिचच्या लष्करी अकादमीतील छात्रांसाठी लिहिलेला. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांकरिता रचलेले गणित मराठीत उतरले आणि त्याच्या छायेत प्राथमिक अंकगणिताची पुस्तके तयार झाली, ही घटना वाटते तितकी सामान्य नाही. पंतोजीच्या शाळेत नियम सांगितला जात नसे, उत्तर पाठ असे. नव्या पुस्तकात प्रथम व्याख्या, मग रीत, मग उदाहरण असा क्रम आला. सिद्धता हा शब्द मराठी शाळेच्या परिसरात प्रथमच ऐकू येऊ लागला. १८४० नंतर बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या काळात सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतून असावे म्हणून आग्रह धरीत होते, तेव्हा जर्विस जगन्नाथ शंकरशेटांच्या बरोबर देशी भाषांच्या बाजूस उभे राहिले. कठीण गणित मराठीत सांगता येते हे त्यांनी स्वतः करून पाहिले होते, हे त्यांच्या त्या भूमिकेमागील एक कारण असावे.

ह्या काळात स्थिर झालेली शालेय परिभाषा भाषादृष्ट्या मोठी उद्बोधक आहे. 'बेरीज' फारसी, 'वजाबाकी'तील 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही अरबी, 'गुणाकार' व 'भागाकार' संस्कृत. मिळविणे आणि उणे करणे ह्या क्रिया दफ्तरातून आल्या, गुणणे व भागणे शास्त्रग्रंथांतून. 'त्रैराशिक' व 'पंचराशिक' हे शब्द तर बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या लीलावतीपर्यंत मागे जातात. चार क्रिया एकाच पाटीवर आल्या तरी त्यांची घराणी निराळी राहिली. पुढे पदावलीतील क्रियांचा क्रम लक्षात ठेवण्यासाठी विद्यार्थ्यांनी 'कंचेभागुबेव' हे जे सूत्र घोकिले, त्यातील 'चे' हा तर षष्ठीचा निव्वळ प्रत्यय होय. विभक्तिप्रत्ययास गणिती क्रियेचा दर्जा मिळाल्याचे हे उदाहरण व्याकरणकारांच्या नजरेतून बहुधा निसटले आहे.

१८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते सुरू झाल्यावर अभ्यासक्रमास इयत्तावार रूप आले. केरो लक्ष्मण छत्रे ह्यांच्यासारख्या व्युत्पन्न गणितज्ञाने शालेय अंकगणिताचे पुस्तक लिहिले, ही त्या पिढीची विशेष गोष्ट. आकाशस्थ ग्रहांचे गणित करणारा पुरुष पोरांसाठी बेरीज-वजाबाकी लिहावयास कमीपणा मानीत नव्हता. नव्या पुस्तकाने जुनी उजळणी हटविली नाही. खालच्या इयत्तांत पाढे व अपूर्णांकी पाढे, वरच्या इयत्तांत रीती, व्याज, सरकतीचे हिशेब, काळ-काम-वेग असा दुहेरी बोजा तयार झाला. पंतोजीचे पाठांतर आणि हटनची रीत ह्या दोहोंचे काठिण्य एकाच मुलाच्या वाट्यास आले. आणि ह्या दोहोंपैकी काय ठेवावे, काय टाकावे, ह्याचा निर्णय शंभर वर्षे कोणी घेतला नाही.

तो प्रश्न निदान एका माणसाने स्पष्टपणे विचारला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले ह्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती ह्यांवरील सोपे पाठ असा अभ्यासक्रम मागितला. त्यात हिशेब हा शब्द मोजून-मापून घातलेला आहे. कुळाचे मूल शिकणार ते कारकून होण्यासाठी नव्हे, आपल्यावरचे कर्ज वाचता यावे म्हणून, हा त्या मागणीचा रोख. गणित कठीण की सोपे ह्यापेक्षा ते कोणाच्या कामाचे, हा प्रश्न जोतीरावांना अगोदरचा वाटत होता. १९३७ च्या वर्धा योजनेतही हस्तोद्योग व घरगुती व्यवहार ह्यांतून गणित शिकविण्याची जी कल्पना झाकिर हुसेन समितीने मांडली, तिचे नाते ह्या विचाराशी जोडता येते. पण ती कल्पना वर्गात फार काळ टिकली नाही.

अपूर्णांकी पाढ्यांचा निकाल अखेर शिक्षणखात्याने लाविला नाही, टांकसाळीने लाविला. १९५७ च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून दशमान नाणी चालू झाली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत शेर व मण कायद्याच्या दृष्टीने संपले. ज्या व्यवहाराने औटकी पाठ करण्यास भाग पाडिले तोच नाहीसा झाल्यावर पाढा टिकण्याचे कारण उरले नाही. १९६७ च्या जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजेच बालभारती, स्थापन झाले तेव्हा एका राज्याची सर्व मराठी मुले एकच पुस्तक वाचणार हे ठरले. त्या पुस्तकात दशांश चिन्हाचे राज्य होते.

औटकी गेली ह्याचा शोक करण्याचे कारण नाही. साडेतीनाचा पाढा न येणाऱ्या मुलाचे आज काही अडत नाही. परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. 'दीड' हा शब्द संस्कृत 'द्व्यर्ध' पासून, 'अडीच' हा 'अर्धतृतीय' पासून आणि 'औट' हा 'अर्धचतुर्थ' पासून प्राकृतांतून उतरला आहे. तिसरा अर्धा, चौथा अर्धा असा त्यांचा मूळ अर्थ. 'पावणे' मध्ये वजाबाकी आहे, 'सव्वा' व 'साडे' मध्ये बेरीज. मराठी मुलास शाळेत येण्यापूर्वीच अपूर्णांक हे एक-दोन-तीन ह्यांच्यासारखेच स्वतंत्र नावाचे आणि बोलण्यातले राशी म्हणून परिचित असत. दशमानानंतरच्या पुस्तकाने मुलाला प्रथम छेद व अंश शिकविले आणि मग दीड म्हणजे तीन-छेद-दोन असे सांगितले. ज्या भाषेत अडीच हा शब्द चार वर्षांचे मूल सहज वापरते, त्या भाषेत अपूर्णांक हा प्राथमिक शाळेतील सर्वांत अवघड विषय ठरावा, ह्यात पुस्तककर्त्यांची काहीतरी चूक झाली असली पाहिजे. औट तर आता केवळ 'औट घटकेचे राज्य' ह्या वाक्प्रचारात उरला आहे, आणि तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्यातील संख्या ठाऊक नसते.

ह्या पार्श्वभूमीवर २०१९ च्या वादाकडे पाहिले म्हणजे तो निराळा दिसू लागतो. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर (त्यांचे २०२३ मध्ये निधन झाले) ह्यांनी केलेले समर्थन दोन मुद्द्यांवर उभे होते. एक, मराठी संख्यानामांतील जोडाक्षरे लहान मुलांस जड जातात. दोन, 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा आधी येतो. दक्षिणेकडील भाषांत व इंग्रजीत वीसच्या पुढे दशक आधी उच्चारला जातो, हा त्यांचा दाखला बिनतोड होता. कानडीत एकवीस म्हणजे 'इप्पत्तोंदु', वीस आणि एक. मात्र ह्या दोन मुद्द्यांचे वजन सारखे नाही. उलट क्रमाचा त्रास जर्मनसारख्या भाषेत स्पष्ट असतो, कारण तेथे 'तीन-आणि-साठ' हे घटक सुटे ऐकू येतात. मराठीत ते एकजीव झालेले आहेत. 'त्रेसष्ट' मध्ये तीन आणि साठ व्युत्पत्तिकारास दिसतात; सात वर्षांच्या मुलास तो एक अखंड शब्द आहे. एकाच्या घरातील 'एक' हा एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एक्काहत्तर, एक्क्याण्णव असा वेष पालटतो. पन्नास कोठे 'वन्न' होतो, कोठे 'पन्न'. सत्तराचा 'हत्तर' होतो. इंग्रजी मुलास नव्याण्णवपर्यंत जाण्यास सत्तावीस शब्द पुरतात. मराठी मुलास जवळजवळ नव्याण्णव शिकावे लागतात. तेव्हा खरे ओझे क्रमाचे नसून स्मरणाचे आहे.

'एकोण' चे प्रकरण ह्याहून नाजूक आहे. एकोणतीस नावाने तिसाच्या घरचा, लेखनाने विसाच्या. लॅटिनमध्येही अठरा व एकोणीस ह्यांची नावे विसातून वजाबाकी करूनच बनतात, पण मराठीने ही युक्ती एकोणनव्वदपर्यंत नेली आणि नव्याण्णवापाशी ती सोडून दिली. ह्या विसंगतीस कोणताही गणिती हेतू नाही. तो केवळ भाषेच्या इतिहासाचा अवशेष आहे. मुलाला तो पाठ करावयास लाविल्याने त्याच्या विचारशक्तीस व्यायाम घडतो असे म्हणणे धाडसाचे होईल. उलट, एकोणतीस ह्या नावात वजाबाकी लपली आहे हे चौथीच्या मुलास शोधून काढण्यास सांगितले, तर तेच नाव उत्तम गणित होईल. पाठांतर आणि आव्हान ह्यांतला भेद येथे एका शब्दात दिसतो.

नव्या नावांस विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की, दशक-प्रथम मोजणी मराठीच्या प्रकृतीस परकी आहे. हे वस्तुस्थितीस धरून नाही. शंभराच्या पुढे मराठी स्वतःच मोठी संख्या आधी उच्चारते. एकशे एकवीस, दोन हजार तीनशे. ग्रामीण बोलीत, विशेषतः शाळेत न गेलेल्या वृद्ध स्त्रियांच्या तोंडी, 'तीन विसा नि पाच' अशी विसाची मोजणी होती, आणि तीतही मोठा एकक पुढे असे. गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने तर 'त्रेसष्ट' आणि 'साठ तीन' ही दोन्ही सारखीच नवी. त्यांतले दुसरे निदान उकलता येते. विरोधकांचा दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. शाळा एक मोजणी शिकवील आणि बाजार, आजी व आकाशवाणी दुसरी बोलतील, तर मुलाचे ओझे कमी न होता दुप्पट होईल.

ह्या बाबतीत नॉर्वेचा अनुभव विचारात घेण्याजोगा आहे. तेथे पूर्वी 'एक-आणि-वीस' अशी मोजणी चाले. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणाऱ्या चुका टाळण्यासाठी तारखात्याने पुढाकार घेतला, संसदेने मान्यता दिली आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, नभोवाणी व सरकारी व्यवहार ह्यांत 'वीस-एक' ही मोजणी सुरू झाली. सत्तर वर्षे उलटून गेली तरी जुनी मोजणी बोलण्यातून गेलेली नाही. एकच माणूस प्रसंगपरत्वे दोन्ही वापरतो. म्हणजे सुधारणा फसली असे नव्हे, आणि भाषा मोडली असेही नव्हे. मराठी पुस्तकात व नॉर्वेत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे : तेथे शाळेबरोबर टपाल, तार आणि नभोवाणी बदलली, येथे बदलाचा सारा भार दुसरीच्या मुलावर टाकला गेला.

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होताना लहानमोठ्या गावांतील दुकानांत अंकलिपीची स्वस्त पुस्तके येतात. ती कोणत्याही समितीने मान्य केलेली नसतात. मुळाक्षरे, बाराखड्या, महिन्यांची नावे आणि तीसपर्यंत पाढे ह्यांच्या मागे त्यांतील अनेकांत अद्याप पावकी, निमकी, पाऊणकी छापलेली असते. पालक ती घेतात. तो मागील मजकूर बहुधा कोणी वाचून दाखवीत नाही.